डावा कान आणि आईचे झुबे

वसई,
राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार

प्रिय प्रिस्काबाय हिला,

धाकट्या उर्सुलाचा नमस्कार आणि एक गालगुच्चा (गाल आता पूर्वीच्या जागी नसेल, तरी शोधून घे). येशूच्या कृपेने तुझा गुडघा, भावजींचा खोकला आणि वाडीतल्या केळी, सगळं ठीक असावं. इकडे आग्नेल बरा आहे, मीही बरी आहे, आणि हे पत्र तू बसून वाचावंस. फोन मुद्दामच केला नाही. अडचणीचा प्रश्न आला की तुला नेमका आवाज तुटक यायला लागतो. शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, महत्त्वाचं बोलणं नेहमी समास सोडून कागदावर लिहावं. समास सोडला आहे, बघ.

बाय, गेल्या महिन्यात तू मला म्हणालीस, ‘उर्सू, माझ्या फ्लॉईडचं लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी. तू त्याची धर्ममाता. तो फाटका कान आता तरी शिवून घे, आणि गेलीच आहेस तर चेहराही दाखव.’ वर डॉक्टरचा नंबरही तूच दिलास. तेव्हा मला भरून आलं. थोरली बहीण म्हणजे आईच, असं मी आग्नेलला म्हटलंही. (तो म्हणाला, ‘बघ बाई.’ हा माणूस बेचाळीस वर्षांत ‘बघ बाई’पलीकडे गेला नाही. मी त्याला विचारलं, माझा चेहरा आता कसा दिसतो? तो घाबरून म्हणाला, ‘का, काय झालं?’) सूनबाई टिफनीही लगेच सोबत यायला तयार झाली. एरवी तिला माझ्याबरोबर बाजारात यायला वेळ नसतो. तेव्हाच मला थोडं खटकलं होतं.

दवाखाना विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर एकाच बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत बिचारीच्या ओठांना रंग नाही, केस विंचरलेले नाहीत, आणि उजेड तर पायखान्यातल्या दिव्याइतका. नंतरच्या फोटोत ती हसते आहे. मलाही आधी उतू गेलेलं दूध दाखवा आणि मग नातू दाखवा, कापाकापीशिवाय एवढा फरक दिसेल. डॉक्टर हेमाली मात्र गोड मुलगी. तिने मला एक आरसा दिला, त्यात माझं नाक पपईएवढं दिसत होतं. (असा आरसा घरी कोणी ठेवत नाही, यातच काय ते समजावं.) मग एक जांभळं पेन काढून ती माझ्या चेहऱ्यावर रेघा आणि बाण काढू लागली. ‘आंटी, घाबरू नका, नुसतं दाखवते. हे गाल असे वर जातील, ह्या पिशव्या जातील, कपाळावरची ही उभी आठी जाईल.’ बाय, ती आठी आईची आहे. भात करपला की आईच्या कपाळावर ती पडायची, आणि आपण दोघी पाटावर मुकाट बसायचो. मी म्हटलं, ती राहू दे.

मग मी सहज विचारलं, माझ्या बहिणीने तुमचा नंबर दिला, तुम्ही तिला कशा ओळखता? ती म्हणाली, ‘सॉरी आंटी, आम्ही पेशंटबद्दल बोलत नाही.’ पेशंट हा शब्द मी काढलाच नव्हता. नाताळपासून व्हिडिओ कॉलवर तू खिडकीकडे पाठ करून का बसतेस, याचा मी आता वेगळा विचार करते आहे.

पुढचं ऐक. ते पेन पाण्याने जात नाही. साबणाने तर आणखी चमकतं. आणि दिवस राखेचा बुधवार, संध्याकाळची मिस्सा सहाची! घरी जायला वेळ नव्हता. टिफनीची ओढणी गुंडाळून मी तशीच चर्चमध्ये गेले. राखेच्या रांगेत फादर हिलरी माझ्यापुढच्या सगळ्यांना म्हणत होते, ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ माझ्यापाशी आले आणि त्यांचा अंगठा हवेतच राहिला. कपाळावर मोकळी जागा शोधून त्यांनी कसाबसा राखेचा क्रूस काढला आणि मला एकटीला म्हणाले, ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील.’ बाहेर आपला चंद्रहास मोटारसायकल लावून उभा. त्याच्या वाडीतल्या पानवेली बघायला आपण लहानपणी जायचो, तोच. म्हणाला, ‘काय उर्सुलाबाई, यंदा फादरनी तुमच्याकडे नकाशाच काढला? पापं जास्त झाली का?’ मी मान खाली घालून पुटपुटले, ‘उपवासाचा काळ आहे, देव तुझं भलं करो.’ तो तिथेच हसत राहिला.

आता मूळ मुद्दा. डॉक्टरने माझा कान बघितला आणि म्हणाली, शिवता येईल, छान होईल. पण दोन महिने भोक पाडायचं नाही, आणि पुढेही लोंबणारं जड काही घालायचं नाही. मी रिक्षात बसून बोटांवर मोजलं. लग्नाला दोन महिनेही नाहीत. म्हणजे फ्लॉईडच्या लग्नात माझ्या कानाला पट्टी किंवा कोरा कान, आणि आईचे सोन्याचे झुबे कोणाच्या कानात? दोघींनी वर्षाआड घालायचे ठरले होते ना गं? ‘तुझा कान कुठे आहे घालायला’ असं म्हणून तिसरं वर्ष ते तुझ्या कपाटात आहेत. आणि मला सुंदर करायची घाईही तुलाच. मी भाबडी असेन, पण मला मोजता येतं.

हा कान कोणी फाडला, तेही तुला आठवत असेल. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी डोक्यावर पडताच फ्लॉईडने माझ्या कानातला आईचा झुबा मुठीत धरला तो सोडेचना. आईने आधी त्याची मूठ सोडवली, मग झुबा वाकला नाही ना ते पाहिलं, आणि मग माझ्या कानाकडे पाहिलं. रक्त माझ्या पांढऱ्या फ्रॉकवर, आणि तुझं पोर खुदुखुदु हसतंय. मला पोर व्हायला पुढे सहा वर्षं लागली, बाय. तोवर रोज आरशात मला ती फाट दिसायची आणि वाटायचं, कोणीतरी मला इतकं घट्ट धरलं होतं. ती मी शिवणार नाही. डॉक्टरला तसं कळवलं आहे.

सर्वांना माझा आशीर्वाद सांग, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
उर्सू

ता. क. उजवा कान माझा अजून धडधाकट आहे, हे कोणी विचारातच घेत नाही. उजवा झुबा मी घालते, डावा तू घाल. फोटोत फ्लॉईडच्या उजव्या हाताला मी उभी राहीन, डाव्या हाताला तू. बाहेरच्या बाजूचे कान दिसतील, मध्ये पोरगा, आणि आईची जोडी पूर्ण.

ता. क. डोळ्यांखालच्या पिशव्या जायला तू जे काही केलंस, ते दुखतं का? सहज विचारते.

ता. क. रविवारी आग्नेल तुझ्याकडे येईल. त्याच्याबरोबर उजवा झुबा तेवढा दे. तो म्हणेल, उर्सूने दोन्ही मागितलेत, तरी देऊ नकोस. माझा माझ्यावर भरवसा नाही.