पारूबाईंच्या ओळी

मंगळ, २ फेब्रु. १९८८
दु. पवईच्या ऑफिसात हेमा आली. खारदांडा कोळीवाड्याची, नर्स आहे. तिची आई पारूबाई दिवाळीनंतर गेली. "आईचं बोलणं तुमच्या मशीनमध्ये आहे म्हणे. तेवढं देता का?" आहे खरं. दोन वर्षांपूर्वी कोळीवाड्याच्या बोलीचा सर्व्हे झाला, त्यातलं बरंचसं मीच कॉम्प्युटरवर रोमन लिपीत टाइप केलंय. रेकॉर्डिंगच्या टेपा केव्हाच पुसून परत वापरल्या. आणि आता आमचे सर शनिवारी डिस्कही साफ करणार. हो म्हणून बसले. कसं काढणार...

बुध, ३
डिरेक्टरीत डिरेक्टरी, कप्प्यात कप्पा असावा तशी. आधी गल्ली, तिच्यात घरं, घरात एकेका दिवसाच्या फायली. पारूबाई एका घरात टिकणाऱ्या नव्हत्याच, सगळ्यांच्या ओट्यांवर बोलल्यात. हाताने उघडत बसले तर महिना जाईल. छोटा प्रोग्राम लिहिला: डिरेक्टरी दिसली की आत शिर, तिच्यात आणखी असेल तर तिच्यातही, फाईल दिसली की 'पारू'ने सुरू होणाऱ्या ओळी उचल (प्रत्येक ओळीच्या आधी बोलणाऱ्याचं नाव टाकलेलं आहे).
चालवला. थांबेचना. त्याच गल्ल्या, पुन्हा पुन्हा. एसीची घरघर, बाहेर तलावावर धुकट ऊन, स्क्रीनवर घरांची नावं वर वर सरकतायत. मीच त्या गल्ल्यांतून चालतेय असं. सुक्या बोंबलांचा वासही आला. किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक.

गुरु, ४
चूक सापडली. प्रत्येक डिरेक्टरीत दोन टिंबांची एक नोंद असते, म्हणजे बाहेर पडायचं दार. प्रोग्राम त्यातूनही जायचा, परत गल्लीत, परत त्याच घरात. टिंबांच्या नोंदी सोडून दे म्हणून सांगितलं. झकास. चहा येईपर्यंत संपलं. चांगली वीसेक पानं निघाली.
एकाच ठिकाणी अडला. पारूबाईंच्याच घरात एक डिरेक्टरी, तिथे 'परवानगी नाही'. सर्व्हेवाल्या कदमच्या नावावर. तो आता नागपूरला.

शुक्र, ५
हेमाने पानं इथेच वाचली, ओठ हलवत. रोमन अक्षरांतून आईचा आवाज काढत होती. मधेच हसली, "ही शिवी मलाच." मग शेवटी, "माझ्याबद्दल असं काहीच नाही गं." बंद डिरेक्टरीचं सांगितलं. उद्या येते म्हणाली.
ती गेल्यावर कदमला फोन. म्हणाला, "कुलूप मीच लावलंय. पारूबाई म्हणाल्या होत्या, हे माझ्या पोरीला दाखवू नका."
"कधीच?"
"'कधीच' म्हणाल्या की 'मी असेपर्यंत', आता आठवत नाही गं." पासवर्ड मात्र दिला. "तू बघ काय ते."
घरी आई काहीतरी सांगत होती. मला नुसते तिचे ओठ दिसत होते.

शनि, ६
त्या फायली न उघडता फ्लॉपीवर घेतल्या. सर दोनला मशीन ताब्यात घेणार. हेमाला सगळं सांगितलं, कदमचं बोलणं जसंच्या तसं.
"तू वाचलंस?"
"नाही."
"मग मी वाचू?"
"मला नको विचारूस गं."
शेजारच्या खुर्चीत बसलीय, पर्स मांडीवर धरून. टेबलावरचं ऊन सरकत तिच्या हातावर आलंय. तिच्याकडे बघवत नाही म्हणून हे लिहीत बसलेय.
आत्ता म्हणाली, "पहिली ओळ तेवढी स्क्रीनवर दाखव. पुढचं मग सांगते."