मागच्या काचेवरची निळी अक्षरं

बाबा, मी गाडी घेतली. नवी नाही, जुनीच. पांढरी, छोटी, चार माणसं आणि त्यांचे डबे एवढंच मावेल अशी. तुम्ही ती बघितलेली आहे. नांदेडच्या सिस्टरबाईंची ती गाडी, जिच्या मागच्या काचेवर तुम्ही निळ्या रंगात 'जय भीम' काढलं होतं, तीच. ती अक्षरं आता काचेवर नाहीत. मीच खरवडून काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ सोसायचं नाही. नंबर प्लेट रंगवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक लांबण लावायला लागलं की तुम्ही ब्रश कानामागे खोवून म्हणायचात, "ते समदं ऱ्हाऊ द्या, नंबर सांगा." तर हा माझा नंबर.

मला गाडीची हौस नव्हती. तुम्ही गेल्यावर आई आणि मी लातूरला आलो, मला नोकरी लागली, सगळं शहरातल्या शहरात चाललं होतं. मग बदली झाली शिरूर अनंतपाळला. म्हटलं, खोली बघू, आईला घेऊन तिथंच राहू. एक घर पसंत पडलं. घरमालकीण बाई बोलायला मोठी गोड, चहा टाकला, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, तुळशीजवळ चपला काढू नका म्हणाली. मग कप हातात देता देता म्हणाली, "तुमच्यात कोन म्हनायचं, मॅडम?" मी सांगितलं. खरं सांगितलं, बाबा, त्या दिवशी अगदी मान वर करून सांगितलं. बाई म्हणाली, "बरं बरं." चहा संपला. निघताना म्हणाली, "आमच्या मालकांनी कुणाला तरी शब्द देल्ता वाटतं, विचारून कळवते." त्याला दोन वर्षं झाली. बाई अजून विचारूनच राहिली!

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं आणि अप-डाऊन सुरू केलं. आपलं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही उमगत नाही. शाळेत प्रत्येकानं आपापल्या मनानं काय धरायचं ते धरलं आणि मी कुणाचं मोडलं नाही. सकाळच्या एसटीत उभ्यानं जायचं, वाटेत बस बंद पडली की हजेरीवर लाल रेघ, संध्याकाळी परत तेच. कंबर पार मोडून जायची. आमच्या शाळेतल्या मोठ्या मॅडम, म्हणजे मराठी शिकवतात त्या, आमच्या पुढच्याच चौकात राहतात. त्या आणि ऑफिसातले क्लार्क सर, दोघंही माझ्याच बसला. मॅडमच एक दिवस म्हणाल्या, "तुम्हाला चालवता येती तर एखादी जुनी गाडी घेऊन टाका की. पेट्रोल तिघांत. मरणाचे हाल चाललेत." मॅडम वाईट नाहीत हो. मला ताप आला होता तेव्हा दोन दिवस डबा पाठवला त्यांनी. पण एकदा दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंबद्दल बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "त्यांच्यातल्या हायेत, पण घर लई स्वच्छ." तो 'पण' माझ्या कानातून अजून गेला नाही. मी तेव्हा हसले होते. कसं हसले, कुणास ठाऊक.

गाडीचं आईला बोलले, तर तिनं लगेच नांदेडच्या विहारातल्या बायकांना फोन फिरवले. सिस्टरबाई रिटायर झाल्या, गुडघे गेले, गाडी नुसती दारात उभी आहे असं कळलं. मी एका ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेले. त्यानं बॉनेट उघडलं, ऑइल बोटावर घेऊन बघितलं, पत्र्यात पुट्टी भरलीय का बघायला दारांच्या कडांवरून चुंबक फिरवला, क्लच जड आहे म्हणाला, टायर दोन बदला म्हणाला, बाकी घ्या म्हणाला. मी मात्र गाडीच्या मागे उभी होते. 'ज'चा तो उजवीकडे वळलेला आकडा, रेघ संपताना ब्रश किंचित दाबून उचलायची तुमची ती खोड. कुठंही ओळखलं असतं. एवढ्या वर्षांच्या उन्हानं रंग थोडा फिका पडला होता, पण कड कुठं फुटली नव्हती.

सिस्टरबाई काठी टेकत बाहेर आल्या. म्हणाल्या, "गाडी शोरूममधून निघाली ती थेट तुझ्या बाबाकडं नेली मी. आमच्या गल्लीतल्या बाईची पहिली गाडी, माय! बाबा बुडाखाली पोतं टाकून भर उन्हात बसला. पैसे देऊ लागले तर हात मागं. म्हणला, ताई, आता सबुरीनं चालवा, मागचे लोक वाचतेत." आम्ही दोघीही हसलो. तुमचा आवाज त्यांनी हुबेहूब काढला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देत नव्हते मी. तू पेंटरची लेक म्हणून. ती अक्षरं तेवढी ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "हाव, राहतील ना. असं काय बोलता?" माझ्या मनात त्या घडीला काही काळंबेरं नव्हतं. आईशपथ नव्हतं.

कागदपत्रं झाल्यावर मेकॅनिक त्याच्या कामाला नांदेडलाच थांबला आणि मी एकटीच निघाले. लोहा जाईपर्यंत मी राणी होते. काच खाली, वारं, मागून ट्रकवाले हॉर्न देतात, मी देते. लोह्याच्या पुढे एक मोटारसायकल बराच वेळ माझ्या मागे होती. त्यावरचे दोघं काहीच बोलले नाहीत, काहीच केलं नाही, पुढे निघून गेले. जाताना मागे बसलेल्यानं वळून बघितलं, एवढंच. आणि मी काच वर घेतली. सोमवारी सकाळी मोठ्या मॅडम चौकात उभ्या असतील, डिकीत पिशवी ठेवायला मागे जातील, वाचतील. मग काय होईल? काही होणार नाही, हेही मला माहीत होतं. हसतील, बसतील. पुढच्या आठवड्यात म्हणतील, मला जरा उशिरा निघायचंय, तुम्ही व्हा पुढं. नंतर माझ्या डब्यातली भाजी घेताना पोट भरल्याचं सांगतील. सगळं गोडीगुलाबीनं, त्या घरमालकिणीसारखं. मला ते परत सोसवणार नव्हतं. असं मी मला सांगत होते.

तुम्हाला आठवतं का, मी आठवीत असताना वर्गात सांगितलं होतं की माझे वडील आरटीओत आहेत? खोटं कुठं होतं म्हणा, तुम्ही आरटीओच्या फाटकाबाहेरच बसायचात, नंबर प्लेटी रंगवत! मैत्रिणीचे वडील लायसनच्या कामाला तुम्हाला शोधत आत गेले, बाहेर आले आणि शेवटी तुमच्या रंगाच्या पेटीशेजारी उभे राहिले. तुम्ही त्यांना पाणी दिलं, त्यांचा फॉर्म भरून दिला, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. घरी आलात. आई भाकरी थापतेय, मी ताटाशी बसलेय, तुम्ही हातपाय धुऊन समोर बसता. मला वाटतं, आता बसणार एक मुस्काटात. तुम्ही हात पुढे करता, नखांत निळा, काळा, पिवळा रंग. म्हणता, "हे बघ. ह्याची लाज वाटली तुला?" मी मान हलवते, नाही म्हणून. "मंग सांगायचं की पेंटर हाय म्हनून. मी काय चोऱ्या करून राहिलो?" तेवढंच. नंतर तुम्ही जेवलात.

तर अहमदपूरला मी गाडी बाजूला घेतली. हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली आणि शेजारून दाढीचं पातं घेतलं. गावाबाहेर एका लिंबाखाली गाडी लावली. ऑइल पेंट नुसत्या पात्यानं निघत नाही, आधी थिनरचं फडकं दाबून धरायचं, तो मऊ पडला की एका दिशेनं ओढायचं, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. चुकलेली नंबर प्लेट तुम्ही अशीच पुसायचात आणि मी फडकं धरून बसायचे. तुमच्याच कामानं तुमच्यावर अशी मात करायची वेळ येईल असं कुणाला वाटलं असतं? 'म' लवकर निघाला. 'ज' निघेना. पाऊण तास गेला. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, थांबून म्हणाला, "काय लागलं गं माय काचंला?" मी म्हणाले, "काही न्हाई मामा, घाण हाय." घाण. बाबा, मी असं म्हणाले. आणि मग गाडीत बसून मी ढसाढसा रडले. पण उरलेला 'ज' काढूनच रडले, हेही खरं आहे.

घरी पोचले तर आई ताटात मेणबत्ती आणि फुलं घेऊन दारात. गाडीला एक चक्कर मारून ती मागे गेली. बराच वेळ मागेच होती. पुढे आली तेव्हा म्हणाली, "काच लई चकचकीत पुसलीस गं." एवढं बोलून आत गेली. माझ्या नखांत निळा रंग होता. रात्री जेवताना तिनं खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि उठून गेली. आजपर्यंत तिनं त्यावर अवाक्षर काढलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. सिस्टरबाईंचे फोन येतात, "जयंतीला गाडी घेऊन ये, समद्यांना दाखवू, पेंटरची लेक आली म्हनून." मी दोनदा उचलला, तिसऱ्यांदा उचलला नाही.

गाडी बाकी सोन्यासारखी चालते. सहा महिने झाले. मोठ्या मॅडम पुढे बसतात, क्लार्क सर मागे. सर पन्नाशीचे, शाळेत कुणाच्या अध्यात ना मध्यात, डबासुद्धा ऑफिसात एकटेच खातात. गाडीत कधी स्वतःहून बोलत नाहीत. मॅडमच दोघांचं बोलून घेतात. सगळं सुरळीत होतं. मग थंडी पडली.

कालची गोष्ट. रात्रभर गाडी बाहेर होती, दव पडलं होतं. मी पुढची काच पुसली, मागची कशाला पुसू? चौकात थांबले. मॅडम पिशवी घेऊन मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगंबाई, हे काय उमटलंय?" मी उतरून गेले. दवानं पांढऱ्या झालेल्या काचेवर तुमची चारही अक्षरं स्वच्छ दिसत होती. इतकी वर्षं रंगाखाली राहिलेल्या काचेवर दव धरत नव्हतं. मला कसं सुचावं हे? तुम्हाला ठाऊक असणार. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. क्लार्क सर शेजारीच उभे होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही, हसून नाही, नुसत्या बघत होत्या. मी म्हणाले, "आधीच्या मालकिणीचं असेल. मला काय माहीत?" मॅडम म्हणाल्या, "असंल बाई. पण अक्षर काय सुरेख हाय ना? कुणाचं हो?" त्यांच्या त्या प्रश्नात काहीसुद्धा खोट नव्हती. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला आता खरंच सांगता येत नाही. मी म्हणाले, "असंल कोणी पेंटर." आणि ओढणीच्या टोकानं काच पुसली.

संध्याकाळी मॅडम भाजी घ्यायला मंडईपाशीच उतरल्या. मग सरांना उतरायचा तो सकाळचाच चौक आला. ते उतरले, पण गेले नाहीत. पुढून वळून माझ्या खिडकीशी आले. मी काच खाली घेतली. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि वाकून, अगदी हळू म्हणाले, "मॅडम, मी बी आपल्यातलाच हाय. शाळेत कुणाला ठाऊक न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मग हात जोडून म्हणाले, "जय भीम, मॅडम." किती वर्षांनी त्यांनी शाळेतल्या कुणाला असं म्हटलं असेल!

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहिण्याचं धाडस करतेय. आईला हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही. जय भीमला उलट जय भीम म्हणायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बोलता यायच्या आधी तुमच्या कडेवर बसून मी हात जोडायचे. आणि काल त्या माणसाला मी काय उत्तर दिलं, सांगू? मी गिअर टाकला आणि म्हणाले, "उद्या पावणेसातला, सर. उशीर नका करू."