बेटाच्या लाईनवरची बाई

३ नोव्हेंबर १९८८, पनवेल
टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले बाई एकदाची! एक्स्चेंजमधला बोर्ड केवढा मोठा, ओळीनं दिवे. शेजारची खुर्ची रिकामीच. शेवटचा दिवा बेटाचा. उरणहून होडीनं दीड तास. तिथला टेलिफोनचा टॉवर आणि डिझेलचं इंजिन सांभाळायला आमचे हे, सुदाम, एकटेच. इंजिन सात ते नऊ चालतं, तेवढाच वेळ लाईन. लग्नाला चार महिने, आणि नवऱ्याशी बोलायचं ते बोर्डावरून! सातला दिवा लागला, मी प्लग खुपसला. म्हणाले, चहा तरी घेतलास का. इतकं बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
लाईन नीट लागली का, ते आम्ही मिनिटभर ऐकतो. रीतच आहे. हे उरणला डिझेल मागत होते. मध्येच एक बाई हसली. आणि हेही हसले! माझ्याशी बोलताना कधी असे हसलेत? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

११ नोव्हेंबर
लाईनमन काशीराम त्याच बेटावरचा. विचारलं, तिथं बाई कोण? म्हणाला, बाय, इंजिनघरात बाई नाय. हौसा झाडायला यायची, पण इंजिनच्या पट्ट्यात पदर अडकून मेली, दोन वर्सं झाली. वा रे वा! मित्राला पाठीशी घालतोय. मला काय दूधखुळी समजला?

१४ नोव्हेंबर
तिनं त्यांना नुसतं ‘सुदाम’ म्हटलं. मी अजून नावानं हाक मारलेली नाही.

१५ नोव्हेंबर
सातला दिवा लागला. घेतलाच नाही. बोला म्हणावं तिच्याशीच. साडेसातला विझला. गार वाटलं, खोटं कशाला लिहू.

१७ नोव्हेंबर
हे गेले. काल सकाळी कोळ्यांना सापडले. इंजिनच्या वायरचा शॉक. डॉक्टरसाठी फोन करत होते — हातात रिसीव्हर तसाच —
मी घेतला नाही. मी.

२७ नोव्हेंबर
इंजिन बंद. बेटावर कुणी नाही. सातला दिवा लागला.

२८ नोव्हेंबर
आज घेतला. तेच हसणं. म्हटलं, भवाने, माझा नवरा दे —

२९ नोव्हेंबर
बोर्डासमोर बसूनच लिहितेय. आज हेच बोलले. मी रडले, म्हटलं, चुकले, दिवा दिसत होता. म्हणाले, रडतेस कशाला, साडेसातला उचलला की फोन. हौसानं. विचारलं, कुठून? म्हणाले, पनवेलहूनच, तुझ्या शेजारच्या खुर्ची —