लव्हलीला जपानी शब्द

रहिमतपूर,
१८ ऑगस्ट

प्रिय अक्का,

जय जिनेंद्र. आत्याच्या आल्याच्या वाफ्यात पाणी साचलं होतं, काल चर काढून दिला. तुझ्या छोट्या अतिशयचा ताप उतरला का? त्याला पेज देत जा.

आत्याची तब्येत छान आहे. खरं तर ती बिघडलीच नव्हती. मी तुला खोटं सांगून आले.

काल फोनवर तू म्हणालीस, "दाजींची माफी माग आणि परत ये. एका शब्दावरून एवढं काय?" दाजी तुझ्या शेजारीच होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय.

आधी शब्दाचंच सांगते. जपानच्या वृद्धाश्रमासाठी दाजींनी निवडलेल्या नर्स मुलींची माहिती मी त्यांच्या ऑफिसात जपानीत करत होते. त्यात कुपवाडच्या हुसेनचाचांची नौशीन होती. तिच्या मेट्रननं इंग्रजीत लिहिलं होतं, 'लव्हली नर्स'. जपानीत याला एकच शब्द नाही गं. बाहुलीला, गोंडस पोरीला कावाई म्हणतात. छान राहणाऱ्या, मनात भरणाऱ्या माणसाला सुतेकी. पण म्हाताऱ्यांचं मायेनं करणारी नर्स असेल तर यासाशी. मी तेच घातलं.

दाजींनी ते काढायला लावलं. "आगं, कावाई घाल. लोक चेहरा बघून घेत्यात. माया कोण बघतंय?"

घेत्यात! बाजारात म्हशीचे दात बघून घेतात तसं.

गुरुवारी व्हिडिओ कॉल झाला. समोर वृद्धाश्रमाच्या नाकामुराबाई. दाजींनी नौशीनला उभं केलं, डोक्यावरची ओढणी खाली घ्यायला लावली, मग गिरकी घ्यायला लावली. "हस की जरा! प्राची, सांग त्यास्नी, लव्हली गर्ल. कावाई, कावाई." पोरगी हसली. असलं हसू कुणाच्या तोंडावर कधी बघायला मिळू नये. मी नजर वळवली. नाकामुराबाईंनीसुद्धा मान खाली घातली होती.

मी कावाई म्हटलंच नाही. म्हटलं, "ही यासाशी आहे. हिला कामाचं विचारा." बाईंनी विचारलं, "एखादे आजोबा जेवतच नसतील तर?" नौशीन म्हणाली, "आधी शेजारी बसेन. त्यांच्या गावाचं विचारेन. मग घास." मी ते जपानीत सांगितलं आणि बाई पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यात दाजींनी लॅपटॉप मिटला.

हुसेनचाचा बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आलेल्या लेकीचं तोंड बघून आत आले आणि तिचा पासपोर्ट मागून घेतला. "लेक कामाला धाडत हुतो सायब, दाखवायला न्हाई."

एवढंच असतं तर मी भांडून तिथंच राहिले असते, अक्का.

सगळे गेल्यावर दाजी माझ्या खुर्चीमागं आले. मानेवर हात ठेवला. "लव्हली तर तूबी हाईस. तुला कुठला शब्द घालायचा, सांग की." मी आक्रसले तरी त्यांची बोटं हटली नाहीत. झटकून उठले तर हसायला लागले, जणू मलाच चेष्टा कळत नव्हती.

घरी येऊन मान घासघासून धुतली. तू बाहेरून हाक मारलीस, "न्हाणीत एवढा वेळ काय करतीस?" दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हावं म्हणून तुझी भाकरीची घाई चालली होती. सूर्यास्तानंतर घास न घेणारा धर्मशील माणूस! तुझ्या हातची ती भाकरी त्यांच्या त्या बोटांनी मोडलेली मला बघवेना. मागच्या दारी जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

नौशीनचा फोन आला होता. मिरजेत जुन्या हॉस्पिटलात परत हजर झालीय. जपान गेलं ते गेलंच.

तू एकदा विचारलं होतंस, ह्यांच्या ऑफिसात मुली टिकत का नाहीत? तेव्हा मला माहीत नव्हतं. आता तुलाही माहीत झालं. मी माफी मागणार नाही, आणि तू काय करावंस हेही सांगणार नाही. आत्याकडं मागची खोली रिकामी आहे, अतिशयला शाळा इथंही मिळेल, इतकंच.

अतिशयला पापा. त्या घरात दुसऱ्या कुणालाही माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझी,
प्राची