चेंबर कुठं आहे ते कळवा

मंगळवार, दि. ११ मार्च

प्रिय भावजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुम्ही, जाऊबाई आणि छकुली मजेत असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नका. पत्ता तुमच्या सासूबाईंकडून काढला. फोन नंबर द्यायला मात्र त्या तयार होईनात, जावईबापू रागावतील म्हणाल्या. जावयाचा धाक असावा तर असा.

कामाचंच लिहिते. घराच्या सांडपाण्याचं चेंबर अंगणात नेमकं कुठं आहे, ते कळवा. ती लाइन तुम्ही नि बाबांनी मिळून टाकलेली. मी तेव्हा या घरात आलेच नव्हते आणि तुमचे दादा परगावी नोकरीला होते. त्यामुळे आम्ही दोघंही याबाबतीत अडाणी.

झालं असं, की अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. गाडी चिखलात रुतते, म्हणून. पहिला ठेकेदार येतो येतो म्हणून आलाच नाही. दुसऱ्यानं अंगण न बघताच फोनवर काम पक्कं केलं, त्याला आम्हीच नको म्हटलं. तिसरा हा सापडला. दर वाक्याला ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ म्हणतो, म्हणून आम्ही त्याचं नाव बिनघोरराव ठेवलं. वरची वीतभर माती काढली, खडी पसरून यंत्रानं दाबली, वर वाळू, मग ब्लॉक. ते यंत्र असं धडधडायचं की कपाटातल्या बश्या नाचायच्या. कोपऱ्यात यंत्र जाईना, तिथं माणसं हातानं धुम्मस मारत होती. तुमचे दादा आता आतल्या आत धुमसताहेत, ते वेगळंच.

काम सुरू करायच्या आधी बिनघोररावांनी विचारलं होतं, “दादा, चेंबर कुठंय? खूण करून ठेवतो.” तुमचे दादा म्हणाले, “या बाजूला काही नाही, घाला तुम्ही.” असं ठणकावून, की जणू लाइन ह्यांनीच टाकली होती. माहीत नसताना ह्यांचा आवाज चढतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी तिथंच उभी होते.

आता खालच्या बाथरूममध्ये पाणी तुंबलंय. प्लंबरनं पाइपात लांब स्प्रिंग घातली, ती थोडी आत जाऊन अडकली. चेंबर उघडल्याशिवाय इलाज नाही म्हणाला. बिनघोरराव म्हणतात, मी विचारलं होतं. हे म्हणतात, नीट विचारलं नाहीत. दोघांचं अंगणात असं जुंपलं की प्लंबर हळूच पिशवी उचलून निघून गेला.

मी म्हटलं, भावजींना विचारू. त्यावर हे भरल्या ताटावरून उठले. “सगळं अंगण उकरीन, पण त्याला विचारणार नाही,” म्हणाले. आणि खरंच, कालपासून पहार घेऊन गुडघ्यांवर बसलेत. बसवलेले ब्लॉक एकेक करून काढताहेत. माणूस द्यायला बिनघोरराव तयार होते, तर नको म्हणाले.

तुम्ही घर सोडून जाताना ते तुम्हाला काय बोलले, ते मी विसरलेले नाही. “तू या घरात पाहुणा आहेस.” काल मी त्यांना तोंडावर म्हटलं, आता घराचं पाणी कुठून वाहतं ते यजमानाला ठाऊक नाही आणि पाहुण्याला ठाऊक आहे, ही काय तऱ्हा. तेव्हापासून घरात अबोला. पाण्याबरोबर तोही तुंबलाय म्हणा.

बाबांना विचारायचं, असं तुमच्या मनात येईल. विचारलं. त्यांना नीट सांगता आलं नाही. वय झालं आता.

पाणी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलंय, हीच खरी काळजी. वरच्या मजल्यावर हलवावं, तर जिन्यानं त्यांना उचलून नेणं आम्हा दोघांना जमणार नाही.

हे वाक्य लिहून गेले खरी. उचलून कशाला न्यायचं, असं तुम्ही विचाराल. त्याचं उद्या लिहिते. आत्ता खालचं पाणी टिपून घ्यायचंय.

बुधवार

भावजी, चेंबर सापडलं. ब्लॉकखाली नव्हतंच. उरलेल्या वाळूचा ढीग ज्या कोपऱ्यात टाकला होता, त्याच्याखाली, बाबांच्या खिडकीला लागून. झाकणाला तडा होता, त्यातून वाळू आत जाऊन लाइन बंद झाली होती. अर्धं अंगण उकरून झाल्यावर बिनघोररावांना सुचलं, की हा ढीग तेवढा कुणी हलवलेला नाही. पाणी गेलं. घर धुऊन काढलं.

म्हणजे तुम्हाला पत्र लिहायचं कारणच संपलं. आता कारणाशिवाय लिहिते.

बाबांना गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ब्लॉक गाडीसाठी नव्हते. गाडी काय, रस्त्यावरही उभी राहते. बाबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी अंगण सपाट करून घेत होतो, म्हणजे त्यांना जरा उन्हात बसवता येईल. चेंबरचं विचारलं तेव्हा ते बोललेच नाहीत, असंही नाही. “धाकटा,” म्हणाले. पाणी हवं का विचारलं, धाकटा. कुठं दुखतंय विचारलं, धाकटा. एवढा एकच शब्द त्यांच्यापाशी उरलाय.

आणि तो रोज तुमच्या दादांना ऐकावा लागतो. बाबांचं अंग पुसतात हे, कपडे बदलतात हे, कुशीवर वळवतात हे. बाबा ह्यांच्या तोंडाकडे बघतात आणि हाक मारतात ती तुम्हाला. तुम्हाला का कळवलं नाही, ते त्यांना विचारू नका. मीही कळवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

डॉक्टर सोमवारी येऊन गेले. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या, म्हणाले. अंगणात ऊन येतंय, पण खुर्ची बाहेर न्यायची वेळ आता येईलसं दिसत नाही.

मघाशी हे हात धुऊन आत आले आणि टेबलावरचं माझं कालचं पान त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, आता वादळ. मीच म्हटलं, चेंबर तर सापडलं, फाडून टाकू का? त्यांनी पानाची नीट घडी घातली. मग खाली मान घालून म्हणाले, “टाक पोस्टात. फक्त सापडलं ते लिहू नकोस त्याला.”

मी लिहिलंय. त्यांना सांगितलेलं नाही. तेव्हा भावजी, चेंबर सापडल्याचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही असं समजून निघा. पोस्टानं उशीर होईल, म्हणून कुरिअरवाल्याला बोलावलंय, त्याच्याकडे हे देते. आलात की आधी अंगणात थांबा, आणि चेंबर कुठं आहे ते दादांना दाखवा. ते ऐकून घेतील.

मग लगेच आत या. उशीर करू नका.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुमची वहिनी