चोपदाराचं नाव शेवटी

कातळवाडी, आचरा
१६ एप्रिल १९८७

ती. भाईस,
शुभदाचा वाकून नमस्कार.

इकडे कलमांना मोहोर उशिरा आला, त्यामुळे आंबा मेच्या मध्यावर उतरेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? जानकी सासरी रमली का? तिच्या लग्नाला आम्ही आलो नाही, त्याला दीड वर्ष झालं. मी बाबांना अडवलं असं तुला वाटलं, तसं तू लिहिलंसही. मी उत्तर दिलं नाही. आज देते.

पण आधी बातमी. परवा देवाची पालखी निघाली. पालखीपुढे दांडा धरून देवाच्या पदव्यांची ललकारी द्यायचा मान आपल्या घराचा. त्याच आवाजावर बाबा तरुणपणी संस्थानच्या दरबारात चोपदार झाले. यंदा पालखीच्या आधी देवस्थानच्या वतीने हरिश्चंद्र गावकर घरी आले.

"गंगाराम, तुझो आवाज गेलो. तुझो झील भाई मुंबैक. घरातला कोण उभा रवाक नाय तर दांडो दुसऱ्या घराक देवचो लागतलो."

कोपऱ्यातला दांडा उचलून बाबांनी माझ्या हातात दिला.

"बायलमाणूस ललकारी देतला?" गावकर उठूनच उभे राहिले.

वईच्या कुंपणापलीकडून आनंदीकाकी ओरडली, "तुझ्या घरात कोणाचो आवाज चलता, ता आख्ख्या वाडीक ठावक आसा रे हरी!"

गावकरांना हसू आवरेना. अर्धी परवानगी तिथेच मिळाली.

मग आठ दिवस, शाळा सुटली की मी पडवीत बाबांपुढे उभी. ते कुजबुजत सांगायचे. नुसतं पाठ केलेलं चालत नसे. पदवीचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढची पदवी नाही. "अर्थ ठावक नसलो तर ती नुसती बोंब," म्हणाले. बोलता बोलता दरबारातल्या पदव्याही निघाल्या. सरखेल हा मुळात घोडेस्वारांच्या टोळीचा मुख्य, आपल्या किनाऱ्यावर तो आरमाराचा मुख्य झाला. श्रीमंत म्हणजे पैसेवाला नव्हे, ज्याच्याकडे श्री नांदते तो. आणि साहेब म्हणजे मुळात सोबती.

"सोबती?"

"मगे काय! मालक तो मागसून झालो."

चार इयत्ता शिकलेला माणूस, भाई. दरबारच्या मुनशींच्या मागे लागून एकेक अर्थ त्यांनी मिळवला होता. मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे, पण शब्द इतक्या अदबीने हातात घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि ट्रेनिंग कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिलं होतं, 'राजवाड्यात कारकून.' चोपदार लिहायची लाज वाटली. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणून तुझ्यावर रागावायचा हक्क मला नाही, तरी रागावले.

जानकीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा बाबांनी लग्नाचं धोतर ट्रंकेतून काढून ठेवलं होतं. चष्मा लावून त्यांनी पत्रिका दोनदा वाचली. त्यांच्या नावापुढे छापलं होतं, 'संस्थानचे माजी सरदार'. मग मला विचारलं, "ह्यो सरदार कोण गो? माका कधी भेटाक नाय." आणि धोतर परत ट्रंकेत ठेवलं. मी अडवलं नाही. जन्मभर ज्याने कुणाची पदवी एका अक्षराने वाढवली नाही, कमी केली नाही, त्याच्या नावावर तू न मिळालेली पदवी छापलीस. चोपदार सगळ्यांचं नाव मानाने घेतो आणि स्वतःचं शेवटी, उघडं. तोच त्यांचा मान होता.

परवा देवळासमोर सगळी वाडी जमली. बाबा खुर्चीवर. मी दांडा तीनदा आपटला. "राजाधिराज, अखंडलक्ष्मीअलंकृत, बारा वाड्यांचे धनी, श्री देव लिंगेश्वर महाराज!" सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" माझ्या पायांखाली जमीन थरथरली रे. आणि सगळ्यात शेवटी, रीतीप्रमाणे, "गंगाराम चोपदाराची शुभदा, हाजीर!"

बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शाबासकी.

"'अखंडलक्ष्मी'त श्वास तोडलंस. फुडल्या वर्सा सांभाळ."

फुडल्या वर्सा म्हणाले. मागच्या दोन पत्रांत मी 'थंडीने बाबांचा घसा बसलाय' असं लिहिलं, ते खोटं. घशात गाठ आहे. कुडाळचे डॉक्टर गोव्याला न्या म्हणतात. बाबांना सगळं ठाऊक आहे.

दांडा मी तुला देणार नाही, तो आता माझा. पण पुढच्या पालखीची वाट पाहू नकोस, आंब्यांच्या आधी ये. पडवीत पाऊल वाजलं की ते कुजबुजत विचारतील, कोण तो? तेव्हा तुझं नाव सांगू नकोस, हुद्दा तर नकोच. सांग, चोपदाराचो झील.

गंगाराम चोपदाराची,
शुभदा