अण्णा, तुमच्यावरचं प्रकरण

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता मला तुमच्याशी भांडायचं आहे. मी डॉक्टरेट करते आहे, शिक्षणातली. नोकरी सांभाळून करायची आणि संशोधनही आपल्याच नोकरीवर करायचं, अशी ही डॉक्टरेट. म्हणजे मी माझ्याच वर्गात फोन ठेवून माझेच तास रेकॉर्ड करते आणि मग शब्दन् शब्द उतरवून काढते. प्रबंधातल्या एका प्रकरणात, शिकवायचं कसं हे आपण कुणाकडून शिकलो ते लिहायचं असतं. मी तुमच्यावर चार पानं लिहिली होती, एका बैठकीत. ती फाडावी लागली. त्यांच्या जागी काय लिहावं यावरून गेले दोन महिने मला चैन नाही.

झालं असं की सातवीचा तास चालू होता. माझी शाळा मारतहळ्ळीच्या बाजूला आहे, पोरांचे आईबाप बहुतेक आयटीतले. पाच छेद सहा मोठा की सात छेद आठ, असं मी विचारलं. यंदाच नागपूरहून आलेली एक मुलगी उठली, आल्यापासून पहिल्यांदाच. पूर्ण एक व्हायला पाच छेद सहाला किती कमी पडतं, असं काहीतरी इंग्रजीत चाचरत म्हणाली आणि अडकली. मी म्हटलं, "इट्स ओके, लीव्ह इट. सिट डाउन." अगदी प्रेमानं! मग नेहमीसारखे छेद समान करून उत्तर फळ्यावर मांडलं आणि पुढे गेले.

शनिवारी सकाळी तो तास उतरवत बसले होते, शेजारी आई अवरेकायीच्या शेंगा सोलत होती. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोर बरोबर वाटेवर होती. एकाला एक छेद सहा कमी पडतं, दुसऱ्याला एक छेद आठ. ज्याला कमी पडतं थोडं, तो मोठा. छेद समान करायची गरजच नाही. मी तिला तीन सेकंदसुद्धा दिले नव्हते. इकडे आई शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "अण्णांसारखंच बोलतीस की गं. तेच ते, इरली बिडु, कूतको." म्हणजे कानडीत, असू दे, बस खाली. तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं.

आणि मी एकदम आठवीच्या वर्गात. तुम्ही मला फळ्यापाशी बोलावता, मास्तरांची मुलगी म्हणून सूट नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून जरा लवकरच. भूमितीचं प्रमेय आहे. दुसरी पायरी सुचत नाहीये, पण सुचणार आहे, हे मला आतून कळतंय. तुम्ही माझ्या हातातून खडू काढून घेता. आवाज चढत नाही, कपाळाला आठी नाही. "इरली बिडु, कूतको." मी बसते. त्या संध्याकाळी तुम्ही गांधी बाजारातून नवीन कंपासपेटी आणलीत आणि माझ्या दप्तरावर ठेवलीत. मी ती आठवडाभर मिरवली. पण दहावी होईपर्यंत गणिताच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, अण्णा? सिग्नलला गाडी थांबली की हाच प्रश्न, स्टाफरूममध्ये चहा ओतताना हाच. कुणी मध्येच काही विचारलं तर मी वसकन् अंगावर जाते.

बसवनगुडीत तुमचे विद्यार्थी अजून भेटतात. फुलांच्या दुकानातला तो टक्कल पडलेला गृहस्थ मागं मला म्हणाला, "मेष्ट्रु फार दयाळू होते, अक्का. मला गणित जमायचं नाही, तर फळ्याजवळ उभंच ठेवायचे नाहीत. लगेच बसवायचे." त्याचे डोळे भरून आले होते. तुमच्या थोरवीचा पुरावा म्हणून मी ते वाक्य त्या चार पानांत घातलं होतं! किती वर्षं बसून राहिला असेल तो?

मला तुमचा राग येतो आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटते. साठ पोरांचा वर्ग, शेजारच्या वर्गातून छडीचे आवाज, आणि तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाही. आपण पोराची सुटका करतो आहोत असंच तुम्हाला वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं.

तो प्रसंग प्रबंधात वापरायचा तर मुलीची परवानगी लागते. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, सगळं मराठीत सांगितलं, माफी मागितली. ती नखं कुरतडत ऐकत होती. मग म्हणाली, "लिहा ना मॅम. पण माझं बरोबर येऊन राह्यलं होतं, हे पण लिहाल ना?"

तिला शब्द दिला. आता तेवढं लिहायचं तर ते वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं, हेही लिहिणं भाग होतं. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "वडिलांची आरती नको आणि पंचनामाही नको." मला त्या दोनच गोष्टी येतात, अण्णा. सहा वेळा लिहिलं, सहा वेळा खोडलं. तुमच्यावर माझा जीव आहे आणि तुम्ही मला गप्प केलंत, ही दोन वाक्यं सातव्यांदा एकाखाली एक लिहिली आणि तशीच राहू दिली.

तुमची परवानगी मागावी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पण खरं सांगायचं तर प्रकरण मी सोमवारीच पाठवून दिलं आहे. काल आईनं विचारलं, "अण्णांबद्दल चांगलंच लिहिलंस की नाही?" मी हो म्हणून मोकळी झाले.